पहिल्या स्टुलावरची चिठ्ठी

शनिवारी सकाळी पावणेसहाला ओदील ट्रँटरने गल्लीच्या तोंडाशी हातगाडी उभी केली, घडीचं पहिलं स्टूल उघडून थिएटरच्या गॅलरीच्या दाराला लागून ठेवलं आणि त्याच्या कॅनव्हासवर स्वतःच्याच नावाची चिठ्ठी टाचली. एकोणीस वर्षं ती लोकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाचत आली होती. स्वतःच्या नावाची ही पहिली. टाचणी दोनदा हातातून निसटली आणि दोन्ही वेळा तिने चोरासारखं मागे वळून पाहिलं.

चोरी कसली! लंडनच्या नाटकवेड्यांचा तो शिरस्ताच होता. गॅलरीच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या स्वस्त मजल्याच्या, बाकांना नंबर नाहीत, आधी येईल तो पुढे बसेल. पण दिवसभर रांगेत उभं राहणार कोण? सगळे नोकरदार. म्हणून सकाळी यायचं, भाड्याने एक स्टूल घ्यायचं, त्याला आपलं नाव लावायचं आणि कामाला निघून जायचं. ते स्टूल तुमच्या वतीने रांगेत बसतं. दार उघडायच्या अर्धा तास आधी स्टूलवाली पहिल्यापासून नावं पुकारते. माणूस 'हजर' म्हणाला की जागा त्याची. तीनदा पुकारूनही कुणी बोललं नाही, तर स्टूल मिटवायचं आणि मागच्यांनी एक जागा पुढे सरकायचं. या नियमापुढे कुणाचा वशिला चालत नसे.

या रांगेची आणखी एक रीत होती. बाहेरची नाटकमंडळी आली की तिच्या शेवटच्या प्रयोगाला पहिल्या स्टुलावरच्या माणसाने गॅलरीच्या वतीने मुख्य नटीला फुलं द्यायची आणि दोन शब्द बोलायचे. नटांचं दार याच गल्लीत होतं, त्यामुळे नटी समोरूनच जायची. आज दुपारी पॅरिसच्या मंडळीचा शेवटचा प्रयोग होता. नटीचं नाव सोलांज वेर्कँ. तिच्याशी दोन वाक्यं बोलता यावीत, एवढ्यासाठी ओदीलने आज आपलं नाव लावलं होतं.

आता कुणी म्हणेल, दोन वाक्यं बोलायची तर एवढा खटाटोप कशाला? नटी आठवडाभर समोरून जात होती, कुठल्याही दिवशी बोलायचं. पण ते इतकं सोपं नव्हतं. थिएटरच्या मॅनेजरने ही गल्ली ओदीलच्या नवऱ्याला एका अटीवर दिली होती: स्टूलवाल्याने रांगेचं बघावं, नटांच्या वाटेत येऊ नये. नवरा गेला, मॅनेजर तीन बदलले, अट तशीच राहिली. आठवडाभर ओदील रोज तोंड उघडायची आणि मिटायची. पहिल्या स्टुलावरच्या माणसाला मात्र कुणी अडवू शकत नव्हतं.

ओदील मूळची फ्रान्सच्या उत्तरेकडच्या आरास गावची, खोगिरं शिवणाऱ्या तिएबोची मुलगी. पहिल्या महायुद्धात तोफांनी गावाचा चुराडा केला. घर गेलं, घरात होते ते आई आणि धाकटा भाऊ गेले, बाप आघाडीवरून परतलाच नाही. वीस वर्षांची पोर आल्बर्ट ट्रँटर नावाच्या इंग्रज शिपायाशी लग्न करून १९१९ साली लंडनला आली. आल्बर्ट मनाचा चांगला होता, पण बायकोचं नाव त्याच्या जिभेवर कधी बसलं नाही. तो 'ओडी' म्हणायचा. मायेने म्हणायचा म्हणून तिने चालवून घेतलं. विषारी वायूने पोखरलेली छाती घेऊन त्याने पंधरा वर्षं स्टुलांची गाडी ढकलली, आणि चौतीस साली तो गेल्यावर गाडी तिच्या हाती आली.

रांगेला ती 'ओडाइल' झाली. नाव लिहिलेलं बघायचं आणि दिसेल तसं म्हणून टाकायचं. ती बेल्जियमची असावी असं काहींना वाटायचं, काहींना आयर्लंडची. विचारलं कुणीच नव्हतं.

गंमत म्हणजे याच रांगेला फ्रेंच नाटकांचं विलक्षण वेड होतं. फ्रेंच भाषा लिहिते एक आणि बोलते भलतंच. शब्दाच्या शेवटी तीन-तीन अक्षरं लग्नातल्या बिनकामाच्या पाहुण्यांसारखी नुसती उभी असतात. तेव्हा फ्रेंच नाटक लागलं की त्याचं नाव तिकीटखिडकीवर म्हणायचं कसं, यावरून रांगेत दोन-दोन तास जुंपायची.

गॅस कंपनीतले मिस्टर पेनफोल्ड एकही अक्षर सोडायला तयार नसत. "मी तिकिटाचे पुरते पैसे मोजलेत," ते म्हणायचे, "छापलेलं अक्षर न् अक्षर म्हणणार. फ्रेंचांना नको होतं तर छापायचं नव्हतं!"

टायपिस्ट बेरिलचं उलट. "अहो, शेवटचं काही म्हणायचंच नसतं त्यांच्यात," असं म्हणून ती इतकं गिळायची की शेवटी नाकातून नुसता हुंकार यायचा.

"मग नाव तरी कशाला घेतेस? सर्दी झालीय म्हणून सांग," पेनफोल्ड म्हणायचे, आणि रांग खो-खो हसायची.

निवाडा करायचा तो मिस लॅव्हिनिया पोकॉकने. ही नेहमी गॅलरीत बसणाऱ्यांच्या मंडळाची चिटणीस. तरुणपणी चार महिने स्वित्झर्लंडच्या एका उच्चभ्रू शाळेत चालीरीती शिकून आली होती आणि त्या चार महिन्यांवर बत्तीस वर्षं रुबाब करत होती. ती ओठांचा चंबू करून नाव म्हणायची आणि रांग मान डोलवायची. ते नाव जिच्या बापजाद्यांच्या भाषेतलं, ती शेजारीच स्टुलं मांडत असायची.

एकदाच ओदीलने तोंड उघडलं होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी. "माफ करा मिस पोकॉक, पण ते तसं नाही म्हणत," असं सांगून तिने नाव म्हणून दाखवलं होतं.

मिस पोकॉक हसली होती. "अगं ओडाइल, तू म्हणतेस ते खेड्यातलं. रंगभूमीवर तसं बोलून कसं चालेल?"

रांगेतले दोघं-तिघं तिच्याबरोबर हसले. ओदीलने त्यानंतर कानाला खडा लावला.

आणि हीच माणसं स्वतःच्या नावांच्या बाबतीत किती हळवी! ओदीलच्या पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांची चिठ्ठी आली. तिने अक्षरं जुळवून 'मिस्टर चोलमोंडेली' असं पुकारलं. गृहस्थ लालबुंद झाले. ते नाव म्हणे लिहायचं तसं, पण म्हणायचं 'चमली'! लंडनच्या पोराटोरांना ठाऊक असतं म्हणे. रांग आठवडाभर तिला 'चोलमोंडेली' म्हणून चिडवत होती. ओदील घरी गेली, एका वहीत अशी साठ-सत्तर नावं उतरवून घेतली आणि पाठ केली. पुन्हा तिच्या तोंडून कुणा इंग्रजाचं नाव चुकलं नाही. तिचं एक नाव मात्र एकोणीस वर्षांत कुणाला पाठ करावंसं वाटलं नाही.

असं चाललं होतं. मग गेल्या रविवारी या नव्या नाटकाची पत्रिका तिच्या हाती आली आणि नटीच्या फोटोखालच्या चार ओळींत तिने वाचलं: आरासच्या बेकरीवाल्याची मुलगी. वेर्कँची बेकरी! चौकाच्या कोपऱ्यावरची. तिथे हृदयाच्या आकाराची मधाची बिस्किटं मिळायची. आई पाव आणायला पाठवायची तेव्हा मादाम वेर्कँ तुटलेली बिस्किटं ओदीलच्या एप्रनच्या खिशात भरायची. तोफा सुरू होण्याआधीच्या काही महिन्यांत तिच्या कडेवर एक तान्ही पोर असायची, सतत रडणारी. तीच ही सोलांज.

ओदील त्या रात्री झोपली नाही. जगात कुणीतरी उरलं होतं, ज्याच्या आईने तिला नावाने हाक मारली होती. तिने वाक्यं ठरवली. 'मी ओदील तिएबो, खोगीरवाल्याची. तुमच्या आईने मला तुटकी बिस्किटं दिली आहेत.' बास, एवढंच. मग ती बाई नक्की म्हणेल, 'ओदील तिएबो?' म्हणेलच. चौतीस वर्षांनी आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकायला मिळेल. यापेक्षा जास्त काही तिला नको होतं. आठवडाभर स्टुलं मांडता मांडता ती ही वाक्यं पुटपुटत होती, कारण फ्रेंच बोलायला तिला दुसरं कुणी नव्हतं आणि जीभ जड झाली होती.

सहाच्या सुमाराला मिस पोकॉक ठरल्याप्रमाणे पहिला नंबर लावायला आली. गेली चार वर्षं शेवटच्या प्रयोगाची फुलं तीच देत होती. हातात गॅलरीच्या वर्गणीतून आणलेला गुलाबांचा गुच्छ होता आणि पर्समध्ये एक कार्ड, त्यावर भाषणाचं फ्रेंच वाक्य इंग्रजी स्पेलिंगात फोडून लिहिलेलं. गुरुवारी तिने ते रांगेला म्हणून दाखवलं होतं आणि टाळ्या मिळवल्या होत्या. ओदीलला त्यातला एक शब्द कळला होता.

पहिल्या स्टुलापाशी ती थबकली. वाकून चिठ्ठी वाचली. "ओडाइल थी... थीबॉट? कोण गं ही? नाव तुझंच दिसतंय."

"असतात एका नावाच्या," ओदील खाली बघत म्हणाली. "सकाळी लवकर लावून गेल्या."

"हो का? कधी पाहिली नाही ती रांगेत." पोकॉकने नाक मुरडलं. "बघू या, येते का वेळेवर."

ओदीलने तेव्हाच का सांगितलं नाही? भीती होतीच. पण एक हौसही होती. पुकारा होईल, सगळी रांग ऐकत असेल आणि आपण 'हजर' म्हणू. एवढी हौस माणसाला असू नये का?

दुपारी एकला सगळे आपापल्या स्टुलापाशी जमले. ओदीलने आल्बर्टच्या दफनाला घातलेला मखमली कॉलरचा निळा कोट घातला होता.

"काय ओडाइल, आज कुणाचं लग्न?" पेनफोल्ड म्हणाले.

ती पहिल्या स्टुलाशेजारी उभी राहिली, घसा साफ केला आणि तिची आई दारातून हाक मारायची तसं पुकारलं, "ओदील तिएबो!"

"कोण?"

"काय म्हणाली?"

"पहिलं स्टूल, पहिलं."

"हजर," ओदील म्हणाली.

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग हशा पिकला.

"पुकारायचंही हिनेच आणि हजरही हिनेच!" पेनफोल्ड म्हणाले. "मग आम्ही सकाळपासून कशाला झक मारतोय?"

"मिस्टर पेनफोल्ड, ते माझं माहेरचं नाव आहे." ओदील म्हणाली. "मी पावणेसहाला लावलंय. सगळ्यांसारखं भाडं डब्यात टाकलंय. त्या बाई माझ्या गावच्या आहेत हो. मला खेळ नाही बघायचा, आत गेल्यावर माझी जागा तुम्ही घ्या. मला फक्त फुलं देऊन दोन वाक्यं बोलू द्या."

मिस पोकॉक रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने ओदीलच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू फ्रेंच आहेस? अगंबाई! इतकी वर्षं बोलली नाहीस ती. पण हे बघ, पुकारणारीच रांगेत बसली तर रांगेला अर्थ काय राहिला? तू तर रोजच पहिलं स्टूल लावशील. आणि खरं सांगू, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं ते गावाकडचं बोलणं पॅरिसच्या बाईपुढे... आपल्या गॅलरीची काय शोभा राहील?"

"दोघींनी मिळून द्या ना फुलं," बेरिल हळूच म्हणाली. पोकॉकने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि बेरिल बुटाच्या टोकाने फरशी कुरतडू लागली.

ओदीलने पेनफोल्डकडे पाहिलं. मागच्या हिवाळ्यात त्यांची बायको इस्पितळात होती. तिला जेवू घालून धावत येईपर्यंत त्यांना उशीर व्हायचा. ओदीलने तीन आठवडे त्यांचं नाव तीनच्या जागी चारदा, पाचदा पुकारलं होतं, खोकल्याचं निमित्त करून मध्ये वेळ काढला होता. हे त्यांना ठाऊक होतं. एका संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून त्यांनी तिचा हात धरला होता. आता त्यांनी खिशातून घड्याळ काढून त्याला किल्ली दिली.

"नियम म्हणजे नियम, ओडाइल," ते घड्याळाकडे बघत म्हणाले.

चाळीस माणसं होती त्या गल्लीत. कुणाची छत्री हिने सांभाळली होती, कुणाचं प्रेमपत्र हिने पोचवलं होतं, बाँब पडत होते त्या वर्षी कुणाचं पोर हिच्या गाडीखाली सुरक्षित झोपलं होतं. चाळीसच्या चाळीस माणसांना एकदम आपले बूट बघावेसे वाटले. नाटकातल्या दुःखाला गॅलरीतून हुंदके देणारी माणसं ही!

"पुकारा पुरा कर बाई," पोकॉक म्हणाली. "अजून दोनदा राहिलाय. सकाळी लावून गेल्या म्हणालीस ना, येतील त्या इतक्यात."

स्टूल उचलून भिरकावून द्यावं, असं कुणालाही वाटेल. तिलाही वाटलं. पण मॅनेजरपर्यंत तक्रार गेली तर गल्ली गेली, आणि गल्ली गेली तर चोपन्नाव्या वर्षी ती जाणार कुठे? ओदीलने दुसऱ्यांदा पुकारलं, "ओदील तिएबो." आवाज पहिल्या चार स्टुलांपलीकडे गेला नाही. कुणी बोललं नाही.

तिसऱ्यांदा तिने मान वर केली आणि रांगेला समजेल असं स्वच्छ पुकारलं, "ओडाइल थीबॉट!"

कुणी बोललं नाही. मग तिने चिठ्ठी काढून कोटाच्या खिशात घातली आणि आपलं स्टूल आपल्याच हाताने मिटवलं. रांग एक जागा पुढे सरकली.

सव्वाला मोटार आली. सोलांज वेर्कँ आणि तिच्यासोबत मंडळीतला एक नट असे दोघं उतरले. तिचं कपाळ थेट मादाम वेर्कँचं, तेच रुंद आणि मध्ये आठी पडलेलं. मिस पोकॉक गुच्छ घेऊन पुढे झाली आणि कार्डावरचं वाक्य एका दमात म्हणाली. नटी हसून ऐकत राहिली. गुलाब घेतले, मान लववली आणि ओठ न हलवता शेजारच्या नटाला फ्रेंचमध्ये विचारलं, "ही कुठली भाषा रे?"

त्या गल्लीत हे एकाच बाईला कळलं.

नटी दाराकडे निघाली. वाट अरुंद होती आणि मधोमध ओदील उभी होती, मिटलेलं स्टूल छातीशी धरून. नटी थांबली. "माफ करा, मादाम," ती म्हणाली. फ्रेंचमध्ये म्हणाली, आणि तिचा 'मादाम' पॅरिसचा नव्हताच. आरासच्या चौकातला होता, लांबवलेला, बेकरीच्या काउंटरवरून यायचा तसा. म्हणजे हीसुद्धा खेडवळच बोलत होती! आणि पॅरिस हिला डोक्यावर घेऊन नाचत होतं.

ओदीलने तोंड उघडलं. आठवडाभर घोटलेली दोन वाक्यं ओठांपर्यंत आली. मागे चाळीस माणसं बघत होती. तिच्या कानात अजून तिचाच आवाज घुमत होता, तिसऱ्या वेळचा. ही बाई म्हणाली 'कोण?', तर काय सांगायचं? तिएबोला तर तिनेच आत्ता सगळ्यांदेखत गैरहजर ठरवलं होतं.

"जा बाई, जा तुम्ही," ती म्हणाली, इंग्रजीत, लंडनच्या हातगाडीवाल्या म्हणतात तसं, आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

सोलांज वेर्कँ आत गेली. दार लागलं.

मिस पोकॉक लगबगीने आली. गाल लाल झाले होते. "ओडाइल, तू फ्रेंच ना? मघाशी त्या काय म्हणाल्या गं त्यांच्या माणसाला? माझ्याविषयीच काहीतरी होतं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तो सूड सहज हाताशी होता. पण सूड घ्यायचा तर आपण कुणीतरी असावं लागतं.

"म्हणाल्या, किती सुंदर बोलता तुम्ही," ओदील म्हणाली.

"बघ!" मिस पोकॉकने रांगेकडे वळून मान ताठ केली. "मी सांगत होते ना? आणि ही मला खेड्यातले उच्चार शिकवायला निघाली होती!" सगळे हसले. पेनफोल्ड जरा जास्तच मोठ्याने हसले. मग गॅलरीचं दार उघडलं आणि मंडळी जिने चढून वर गेली. ओदीलने स्टुलं गाडीवर रचली, निळा कोट काढून त्यांच्यावर टाकला आणि गाडी ढकलत पुढच्या थिएटरच्या गल्लीकडे निघाली.

सोमवारी नवं नाटक लागलं, इंग्रजी. ओदील सहाला गल्लीत होती आणि मिस पोकॉक सव्वासहाला आली, पहिली.

"अगं, ती परवाची थीबॉटची गंमत मी मंडळाच्या चहाला सांगितली. हसून हसून मेले सगळे," ती म्हणाली. "माझं लाव बाई पहिलं."

"हो, मिस पोकॉक."

कागद महाग, म्हणून ओदील चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी वापरायची. तिने गाडीवरच राहिलेल्या निळ्या कोटाच्या खिशात हात घातला, हाताला आली ती चिठ्ठी काढली आणि पालथी केली. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर तिने शिसपेन्सिलीने, एकही अक्षर न चुकता, 'मिस लॅव्हिनिया पोकॉक' असं लिहिलं आणि चिठ्ठी पहिल्या स्टुलाला टाचली.

संध्याकाळी पुकारा झाला. मिस पोकॉक पहिल्याच हाकेला 'हजर' म्हणाली.